कावेरीच्या भातखाचरांतला उपग्रह डीएनए

मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडायची रूढ तारीख १२ जून. पाणी कल्लणै बंधाऱ्याला पोहोचते, तिथून कावेरी, वेण्णार आणि कालव्यांत वाटले जाते, आणि तिरुवैयारू, पापनाशम, कुंभकोणम, आडुतुरै, मन्नारगुडी या पट्ट्यातल्या गावांत कुरुवै हंगामाच्या भाताची लगबग सुरू होते. खाचरात भाताचे रोप, चिखलात नांगर ओढणारा उंबळाचेरी जातीचा बैल, बांधातल्या बिळात उंदीर आणि उंदरामागून आलेला साप, अशी या त्रिभुज प्रदेशाची जुनी वस्ती आहे. या चौघांना जीवशास्त्राच्या एकाच प्रकरणात आणणारी एक गोष्ट त्यांच्या पेशींत आहे. प्रत्येकाच्या डीएनएचा काही भाग, कुठे थोडा तर कुठे भरपूर, असा आहे की त्यातून प्रथिन तयार होत नाही. अक्षरांचा एक छोटा तुकडा, त्याला लागून तोच तुकडा, पुढे पुन्हा तोच, असे हजारो वेळा, कधी लाखो वेळा. यालाच उपग्रह डीएनए म्हणतात.

उत्क्रांतीचा साधा हिशेब असा, की उपयोगी मजकूर जपला जातो. डीएनए ज्याभोवती गुंडाळला जातो त्या हिस्टोन एच-४ या प्रथिनात १०२ घटक असतात. गाय आणि वाटाणा यांच्या एच-४ मध्ये त्यांपैकी फक्त २ वेगळे आहेत. एवढ्या दूरच्या दोन जीवांनी हा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा सांभाळला. उपग्रह डीएनएचे नेमके उलटे. भाताच्याच कुळातल्या दोन जाती घ्याव्यात, तर त्यांच्या रांगांतली अक्षरे एकमेकींशी जुळतीलच असे नाही. तरीही पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्र जिथे ओढले जाते, त्या सर्वांत नाजूक जागी बहुतेक जीवांत हाच बदलता मजकूर बसलेला सापडतो. काम इतके महत्त्वाचे, आणि ते करणारा मजकूर इतका अस्थिर. या व्याख्यानाचा विषय ही विसंगती आहे.

नळीतली वेगळी पट्टी

१९५७ मध्ये मेसेल्सन, स्टाल आणि व्हिनोग्राड यांनी एक पद्धत मांडली. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात डीएनए मिसळून नळी प्रचंड वेगाने फिरवली, की डीएनएचे तुकडे आपापल्या घनतेच्या पातळीवर थांबतात. जी आणि सी ही अक्षरे अधिक असली तर घनता जास्त, ए आणि टी अधिक असली तर कमी. १९६१ मध्ये सॉल किट यांनी घरातल्या उंदराचा डीएनए असा फिरवला, तेव्हा १.७०१ घनतेच्या मुख्य पट्टीशेजारी १.६९१ च्या आसपास एक छोटी, स्वतंत्र पट्टी दिसली. मुख्य पट्टीच्या बाजूला असते म्हणून ती उपग्रह पट्टी, आणि तिच्यातला तो उपग्रह डीएनए.

त्या पट्टीत काय आहे, हे वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेतले रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोन यांनी १९६८ मध्ये स्पष्ट केले. तापवून डीएनएचे दोन धागे वेगळे करायचे, मग थंड होऊ देऊन ते किती लवकर जुळतात ते मोजायचे. एकदाच आढळणाऱ्या मजकुराला आपला जोडीदार शोधायला फार वेळ लागतो. उंदराच्या डीएनएचा सुमारे दहावा हिस्सा मात्र क्षणात जुळला, कारण प्रत्येक जीनोममध्ये त्याच तुकड्याच्या जवळजवळ १० लाख प्रती होत्या.

हा डीएनए गुणसूत्रावर कुठे असतो, याचे उत्तर १९७० मध्ये दोन ठिकाणी मिळाले. अमेरिकेत मेरी लू पार्ड्यू आणि जोसेफ गॉल यांनी, तर एडिंबरात केनेथ जोन्स यांनी किरणोत्सर्गी खूण लावलेला उपग्रह डीएनए उंदराच्या गुणसूत्रांवर सोडला. खुणा एका ठरावीक जागी गोळा झाल्या, सेंट्रोमिअरजवळ. विभाजनाच्या वेळी पेशीतले तंतू गुणसूत्राला जिथे पकडतात ती ही जागा. एडिंबरातले हे जोन्स पुढे सापांच्या कथेत पुन्हा भेटतील.

नंतरच्या वर्षांत एकेका जीवाची मूळ ओळ वाचली गेली, आणि मापांची विविधता समोर आली. गिनीपिगमधली ओळ ६ अक्षरांची, ‘ड्रॉसोफिला व्हिरिलिस’ या फळमाशीत ७ अक्षरांची. या माशीचा ४० टक्क्यांहून अधिक डीएनए अशा सात-सात अक्षरांच्या तीन प्रकारच्या रांगांनी भरला आहे. माणसात १७१, घरातल्या उंदरात २३४, धान्याच्या कोठारात आणि पिठात होणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यात ३६०, तर गाईच्या एका उपग्रहात सुमारे १४००. प्रयोगशाळेतल्या उंदरात २३४ अक्षरी उपग्रह मुबलक आणि १२० अक्षरी दुसरा उपग्रह थोडा. भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडे राहणाऱ्या ‘मस स्प्रेटस’ या त्याच्या जवळच्या नातेवाइकात प्रमाण नेमके उलटे आहे.

भाताच्या बारा रांगा

भाताची १२ गुणसूत्रे, म्हणजे प्रत्येक पेशीत १२ जोड्या. त्यांच्या सेंट्रोमिअरवर १५५ अक्षरांचा एक तुकडा रांगेने उभा आहे. शास्त्रज्ञांनी त्याला ‘सेंटओ’ हे नाव दिले. २००२ मध्ये चेंग आणि सहकाऱ्यांनी या रांगा मोजल्या. कुठल्या गुणसूत्रावर रांग जेमतेम ६५ हजार अक्षरांची, तर कुठे जवळजवळ २० लाखांची. मध्ये मध्ये भाताचे स्वतःचे ‘उडते’ घटक, सेंट्रोमिअरवरच येऊन बसणारे रेट्रोट्रान्सपोझॉन, घुसलेले.

या रांगा वाचणे हे जीनोम प्रकल्पांचे दीर्घकाळचे दुखणे होते. कारण समजायला तंजावरचे बृहदीश्वर मंदिर पुरेसे आहे. प्राकाराला लागून लांबच लांब ओवरी आहे, खांबामागून तसाच खांब. कुणी त्या ओवरीची तीन-तीन खांबांची शेकडो छायाचित्रे आणून दिली, तर कुठले छायाचित्र कुठल्या भागातले हे ठरवणे अशक्य. याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांच्या काळात, १८०३ मध्ये, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. त्या लांबलचक शिलालेखाचे तुकडे मिळाले तर मजकुरावरून क्रम लावता येईल, कारण त्यात प्रत्येक ओळ वेगळी आहे. जुनी यंत्रे डीएनएचे काही शे अक्षरांचे तुकडे वाचत. जनुकांचे तुकडे शिलालेखासारखे जुळत गेले, उपग्रह डीएनएची ओवरी मात्र नकाशात कोरी राहिली.

‘निप्पोनबारे’ या जपानी वाणाचा जीनोम आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २००५ मध्ये प्रसिद्ध केला. ३८ कोटी ९० लाख अक्षरांच्या या कामात भारताकडे ११ व्या गुणसूत्रातला वाटा होता; दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर आणि भारतीय कृषी संशोधन संस्था यांनी तो उचलला. तेव्हाही सेंट्रोमिअर पूर्ण वाचले गेले ते मोजक्याच गुणसूत्रांचे. त्यांतले आठवे गुणसूत्र विशेष ठरले. तिथली सेंटओची रांग सर्वांत छोट्यांपैकी एक, म्हणूनच ती वाचता आली. २००४ मध्ये नागाकी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सेंट्रोमिअरची खूण असलेले खास हिस्टोन तिथे सुमारे साडेसात लाख अक्षरांवर पसरलेले आहे, आणि त्या पट्ट्यात चालू स्थितीतली किमान ४ जनुके आहेत. सेंट्रोमिअर म्हणजे निर्जन प्रदेश, ही समजूत भातानेच खोटी पाडली. या संशोधकांनी काढलेला अर्थ असा, की आठव्या गुणसूत्राचा सेंट्रोमिअर अजून तरुण आहे. आधी पकड बसते, मग उपग्रह डीएनएची रांग हळूहळू साचते आणि जनुके हटत जातात.

या अनुमानाला माणसांतूनही आधार मिळतो. १९९३ पासून असे रुग्ण नोंदले गेले आहेत, ज्यांच्या एखाद्या गुणसूत्रावर उपग्रह डीएनए नसलेल्या जागी नवा सेंट्रोमिअर उभा राहिला आणि तो व्यवस्थित चालतो. घोड्याच्या ११ व्या गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरवर तर कुठल्याही घोड्यात उपग्रहाची रांग नाही. पकड अक्षरांवर ठरत नाही. ती तिथे बसलेल्या खास हिस्टोनवर ठरते, आणि रांगा त्या हिस्टोनला स्थिर घर देतात.

भाताची भावंडे पाहिली की बदलाचा वेग कळतो. तंजावरच्या किनाऱ्यासमोर समुद्रापलीकडे श्रीलंका. ‘ओरायझा रायझोमॅटिस’ हा रानभात फक्त तिथेच उगवतो. २००५ मध्ये ली आणि सहकाऱ्यांनी त्याचा सेंट्रोमिअर तपासला, तर त्यात सेंटओ नाही. त्याच्या जागी दोन निराळ्या रांगा आहेत, एक १२६ अक्षरांची आणि दुसरी ३६६ अक्षरांची. आफ्रिकेतल्या ‘ओरायझा ब्रॅकिअँथा’ या जातीत १५४ अक्षरांचा तिसराच तुकडा आहे. लांबी भाताच्या तुकड्याइतकीच, पण अक्षरांत कसलेही साम्य नाही. या पाहुण्याने तिथल्या सेंट्रोमिअरवरचे जुने बिऱ्हाड जवळजवळ पूर्ण हलवले आहे.

त्याच अभ्यासात उलट दिशेचा एक धागाही सापडला. भाताच्या सेंटओमधला ८० अक्षरांचा भाग श्रीलंकेच्या रानभाताच्या १२६ अक्षरी तुकड्यात, मक्यात आणि बाजरीतही ओळखू येतो. भात आणि बाजरी यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. इतक्या काळात हा एवढा पट्टा टिकला, आणि आफ्रिकेतल्या चुलत्याने तो टाकून दिला.

रांग कशी बदलते

गुणसूत्रांच्या जोडीतली दोन गुणसूत्रे लिंगपेशी तयार होताना, किंवा एकाच गुणसूत्राच्या दोन प्रती, समोरासमोर येऊन तुकड्यांची अदलाबदल करतात. जनुकांच्या बाबतीत जागा चुकत नाही. एकसारख्या तुकड्यांच्या रांगेत मात्र पन्नासावा तुकडा साठाव्यासमोर येऊन बसला तरी जुळणी पक्कीच वाटते. अदलाबदल झाली, की एका रांगेत १० तुकडे वाढतात आणि दुसरीत १० कमी होतात. प्रत बनवताना यंत्रणा घसरली तरी असेच घडते. काही वेळा रांगेचा वेढा सुटून गोल बनतो, त्याच्या प्रती निघतात आणि त्या परत दुसरीकडे शिरतात.

१९७६ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी संगणकावर दाखवले, की अशी चुकीच्या जागची अदलाबदल पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली, तर कुठल्याही निवडीच्या दबावाशिवाय एरवीच्या मजकुरातूनही एकसारख्या रांगा आपोआप तयार होतात आणि एकसारख्या राहतात. स्मिथ यांना २०१८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते निराळ्या कामासाठी. उपग्रह डीएनएच्या अभ्यासकांना त्यांचा हा निबंध आजही आधारभूत वाटतो. केंब्रिजचे गॅब्रिएल डोव्हर यांनी १९८२ मध्ये याच प्रक्रियेला व्यापक रूप दिले. एका तुकड्यात झालेला बदल रांगेभर पसरतो किंवा पुसला जातो, आणि प्रजननातून साऱ्या जातीत शिरतो. त्यामुळे एका जातीतले हजारो तुकडे एकमेकांसारखे राहतात, आणि शेजारच्या जातीपासून सगळे मिळून दूर जातात.

माणसाचे एक्स गुणसूत्र या इतिहासाचे थर उघडे करून दाखवते. तिथे १७१ अक्षरांचे १२ तुकडे मिळून सुमारे २ हजार अक्षरांचा एक मोठा संच झाला आहे. संचातले १२ तुकडे एकमेकांपासून बरेच वेगळे, पण असा संच दीड हजारांच्या आसपास वेळा लागोपाठ येतो आणि सगळे संच जवळजवळ एकसारखे. आधी तुकडे जुने होऊन वेगवेगळे झाले, मग बारांची ती टोळी एकत्र वाढली. २०२० मध्ये हे गुणसूत्र टोकापासून टोकापर्यंत वाचले गेले तेव्हा तिथली रांग ३१ लाख अक्षरांची निघाली. २०२२ मध्ये संपूर्ण मानवी जीनोम पूर्ण झाला, आणि सेंट्रोमिअर व त्याच्या आसपासच्या उपग्रहांनी त्यातली ६.२ टक्के जागा व्यापल्याचे दिसले.

नवी रांग कुठून येते, याबद्दल फ्राय आणि साल्सर यांनी १९७७ मध्ये कांगारू-उंदरांच्या अभ्यासातून एक कल्पना मांडली. नातलग जातींकडे उपग्रहांचा एक सामाईक साठा असतो. एखाद्या जातीत त्यातला एक फोफावतो, बाकीचे मूठभर प्रतींत तग धरतात. ‘मस स्प्रेटस’मधले उलटे प्रमाण या चौकटीत चपखल बसते.

मण्यार आणि मादीचे गुणसूत्र

कावेरीकाठच्या खेड्यांत मण्यारला कट्टुविरियन म्हणतात, आणि रात्री जमिनीवर झोपणाऱ्या माणसांना तिचे भय सर्वांत जास्त. उपग्रह डीएनएचा भारतीय अध्याय तिच्याच कुळातल्या पट्टेरी मण्यारपासून सुरू होतो. हा साप मुख्यतः देशाच्या पूर्व आणि ईशान्य भागातला.

लालजी सिंग उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातल्या कलवारी गावचे. बनारस हिंदू विद्यापीठात एस. पी. राय-चौधुरी यांच्याकडे त्यांनी सापांच्या गुणसूत्रांवर पीएच.डी. केली. सापांत लिंग ठरते ते मादीच्या जोडीवरून. नराकडे झेड-झेड, मादीकडे झेड-डब्ल्यू. अजगरांसारख्या जुन्या कुळांत झेड आणि डब्ल्यू दिसायला सारखेच. नाग, मण्यार, घोणस यांच्या कुळांत डब्ल्यू आकाराने आणि रूपाने वेगळे झालेले. म्हणजे लिंगगुणसूत्र कसे घडते याच्या पायऱ्या सापांच्या कुळांत जिवंत मांडून ठेवल्या आहेत.

१९७० च्या दशकात सिंग एडिंबराला गेले, त्या केनेथ जोन्स यांच्याकडे. पट्टेरी मण्यारच्या मादीच्या डीएनएतून त्यांनी एक छोटी उपग्रह पट्टी वेगळी केली आणि सापाच्या इंग्रजी नावावरून तिला ‘बीकेएम’ हे नाव दिले. ही रांग डब्ल्यू गुणसूत्रावर दाटलेली निघाली. त्याहून मोठा शोध पुढचा होता. ज्या सापांत झेड आणि डब्ल्यू अजून एकसारखे दिसत होते, त्यांतल्या काहींच्या डब्ल्यूवरही उपग्रह डीएनए साचू लागला होता. यावरून असा क्रम मांडता आला, की उपग्रह आधी साचतो, दोन गुणसूत्रांतली अदलाबदल थांबते, आणि मग डब्ल्यूचे रूप बदलते.

बीकेएमच्या मुळाशी जीएटीए या चार अक्षरांची आवर्तने आहेत. तीच अक्षरे उंदरात, फळमाशीत आणि माणसात विखुरलेली सापडली, आणि माणसामाणसात त्या आवर्तनांची लांबी वेगवेगळी असल्याचे लक्षात आले. १९८७ मध्ये सिंग हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात परतले, आणि पुढच्याच वर्षी बीकेएममधून तयार केलेल्या खुणेने त्यांनी भारतीय बनावटीचे डीएनए ठसे तंत्र उभे केले. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली, त्या तपासात ओळख पटवण्यासाठी हेच केंद्र कामी आले. २०१७ मध्ये सिंग यांचे निधन झाले.

बैल आणि भेकर

उंबळाचेरी ही तंजावर, तिरुवारूर आणि नागपट्टिणम भागातली गुरांची जात. वासरू जन्मतः तांबूस आणि अंगावर पांढऱ्या खुणांचे असते, काही महिन्यांत करडे होते. भाताच्या गाळात नांगर ओढण्यासाठी ही जात नावाजलेली. कुठल्याही गाईबैलाप्रमाणे तिच्याकडे ६० गुणसूत्रे आहेत. लिंगगुणसूत्रे सोडली तर सगळीच एका बाजूला सेंट्रोमिअर असलेली, आणि त्या टोकांवर निदान ८ प्रकारचे उपग्रह. जुन्या मोजणीनुसार गाईच्या डीएनएत त्यांचा वाटा सुमारे २३ टक्के. म्हशीत याच टोकांच्या जोड्या लागल्या. पंढरपुरी, मुऱ्हा अशा नदीकाठच्या म्हशींत ५० गुणसूत्रे उरली, कारण पाच ठिकाणी दोन गुणसूत्रे सेंट्रोमिअरशी जुळून एक झाली.

सह्याद्रीतल्या भेकराने या बाबतीत टोक गाठले आहे. चिनी भेकरात ४६ गुणसूत्रे, आणि भारतीय भेकराच्या मादीत फक्त ६, नरात ७. चिनी भेकराच्या सेंट्रोमिअरचा उपग्रह डीएनए खूण म्हणून वापरला, तर तो भारतीय भेकराच्या लांबलचक गुणसूत्रांवर मध्ये मध्ये चमकतो. गुणसूत्रे कुठे कुठे सांधली गेली, याचे ते सांधे.

निरर्थक की स्वार्थी

सुसुमु ओनो यांनी १९७२ मध्ये अशा डीएनएला ‘अडगळ’ ठरवले. १९८० मध्ये ऑर्गेल व क्रिक आणि डूलिटल व सॅपिएन्झा या दोन जोड्यांनी त्याला ‘स्वार्थी’ म्हटले. तो टिकतो कारण तो स्वतःच्या प्रती वाढवतो. २००१ मध्ये तिसरे उत्तर आले. मुंबईच्या आयआयटीत रासायनिक अभियांत्रिकी शिकलेले हरमीत मलिक, स्टीव्हन हेनिकॉफ आणि कामी अहमद यांनी मादीतल्या लिंगपेशींच्या विभाजनाकडे बोट दाखवले. तिथे चार संभाव्य पेशींपैकी एकच बीजांड होते. भाताच्या फुलातही चारांपैकी एकच पुढे जाते. ज्या गुणसूत्राचा सेंट्रोमिअर अधिक घट्ट पकड मिळवतो, त्याला बीजांडात जाण्याची संधी जास्त. त्यामुळे रांगा वाढत राहतात. मग हा पक्षपात आवरण्यासाठी सेंट्रोमिअरचे हिस्टोनही बदलू लागते. म्हणूनच एच-४ गाईत आणि वाटाण्यात जवळजवळ सारखे, पण सेंट्रोमिअरचे हिस्टोन जातीगणिक वेगळे.

या शर्यतीची किंमत संकरात दिसते. ‘ड्रॉसोफिला सिम्युलन्स’ची मादी आणि ‘मेलानोगास्टर’चा नर यांच्या मुली भ्रूणावस्थेतच मरतात. २००९ मध्ये फेरी आणि बार्बॅश यांनी कारण दाखवले. बापाच्या एक्सवरची ३५९ अक्षरी तुकड्यांची लांब रांग विभाजनाच्या वेळी सुटी होत नाही, कारण आईच्या अंड्याला ती हाताळण्याची सवय नाही.

आडुतुरैचे १९२२ मध्ये सुरू झालेले भात संशोधन केंद्र संकरांतून नवी वाणे घडवते. तिथून १९६० च्या दशकात आलेले एडीटी २७ हे कुरुवैचे वाण कोइंबतूरच्या जीईबी २४ आणि जपानच्या नोरिन १० यांच्या संकरातले, इंडिका आणि जॅपोनिका या दोन उपजातींचे. या उपजातींत सेंटओचा तुकडा एकच, पण रांगांची मांडणी वेगळी. आठव्या गुणसूत्राबाबत ‘निप्पोनबारे’ आणि इंडिका वाण ‘कसलथ’ यांची तुलना २००९ मध्ये झाली, आणि २०२१ मध्ये चीनमधल्या दोन इंडिका वाणांचे जीनोम एकही रिकामी जागा न ठेवता वाचले गेले. पैदासकाराच्या दृष्टीने यातला व्यवहार असा आहे: सेंट्रोमिअरच्या आसपास गुणसूत्रे अदलाबदल फार क्वचित करतात. तिथे अडकलेली जनुके, आठव्या गुणसूत्रावरच्या त्या चार जनुकांसारखी, आईबापांपैकी एकाकडून गठ्ठ्याने येतात, आणि हवा तो गुण नको त्या गुणापासून सोडवायला पुष्कळ पिढ्या लागतात. लांब पल्ल्याची वाचनयंत्रे आता सेंट्रोमिअरच्या रांगा पार करतात. त्यामुळे एडीटी मालिकेतल्या एखाद्या वाणात कुठल्या पूर्वजाचा सेंट्रोमिअर उतरला आणि त्याच्याबरोबर कुठली जनुके आली, हे खाचरात पेरण्याआधी तपासणे शक्य झाले आहे.